मुक्याच्या तोंडात दोन बोटं

डीलिया कनिफ उंच, हाडापेराने दणकट बाई. पायात बारमास पुरुषी बूट. भर पावसात सायकल हाणायची आणि कोणी गाडी थांबवून "चल, सोडतो" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मी काय मिठाची आहे?" गावात कोणाकडे मयत झाली की पहिली किटली चढवणारी तीच. बाळंतिणीकडे तीच, म्हाताऱ्याच्या उशाशी तीच. एवढी कामाची बाई, पण स्वतःचं म्हणावं असं घर तिला आयुष्यात मिळालं नाही. म्हणजे एक होतं, तिचंच. कसं गेलं, ते सांगते.

मला सांगायला हरकत नाही. मी लग्न होऊन नदीपलीकडून ड्रिनॉनमध्ये आले, माझे केस इथेच पांढरे झाले, तरी गावाच्या लेखी मी अजून 'ती पलीकडची युना'च आहे. पूर्वी याचा राग यायचा. आता बरं वाटतं, कारण इथल्या शपथा मला बांधत नाहीत. डीलियाला बांधतात. म्हणून तिच्या वाटचं मी बोलते.

आमच्या जुन्या कबरस्तानात पडक्या चर्चची एकच भिंत उभी आहे आणि त्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक दगडी मुंडकं बसवलेलं आहे. एक कान फुटलेला, डोळे बटाट्यासारखे बाहेर आलेले, आणि तोंड गोल उघडं. बोलायला सुरुवात करून मग विचार बदललेल्या माणसासारखं. गाव त्याला मुका म्हणतं. तो कोण, हे कोणालाच माहीत नाही. फादर टिर्नी म्हणत, कोणी संत असावा. शाळामास्तर म्हणत, संत इथे यायच्या आधीचा देव आहे. माझ्या वेळी डब्लिनहून एक विद्वान आला, कागद लावून मुक्याचे ठसे घेतले, विनी मोरनच्या घरी आठवडाभर अंडी-बेकन हाणलं आणि गेला. त्याने काय ठरवलं ते आम्हाला कळवलं नाही, आणि आमचंही काही अडलं नाही. गावाला जेवढं हवं तेवढं ठाऊक होतं. मुक्याच्या तोंडात उजव्या हाताची दोन बोटं घालून जो खोटं बोलेल, त्याचं तोंड वर्षाच्या आत वाकडं होतं.

रीत अशी. शपथ मागणारा डावीकडे उभा राहतो. शपथ घेणारा बोटं आत घालून एकदाच बोलतो. त्यानंतर मागणाऱ्याने तो विषय कोणापुढेही काढायचा नाही, जन्मात नाही. वर्षभर सगळ्यांनी वाट बघायची. वर्षात काही झालं नाही, तर मागणाऱ्याने आपल्या हाताने काहीतरी भाजून समोरच्याच्या दारी जायचं आणि चारचौघांत माफी मागायची. ऐकायला सोपी आणि न्यायाची वाटते. मलाही वाटली होती.

कनिफांचं घर टेकडीवर, दगडी, मागे तीन शेतं. बाप लवकर गेला. मॅलकी थोरला, तो कामासाठी इंग्लंडला कॉव्हेंट्रीत. डीलिया घरी, आईपाशी. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून तिला उठवणं, धुणं, भरवणं सगळं डीलियानेच केलं. ल्यूक नावाचा एक सुतार तिच्यासाठी थांबला होता. त्याला ना जमीन ना घर. तो लग्न करून तिच्याकडेच राहायला येणार, असं सगळ्यांनी धरलेलं होतं. आमच्याकडे त्यात कमीपणा नसतो. म्हणजे असतो, पण तोंडावर कोणी बोलत नाही.

मॅलकी ईस्टरला घरी आला होता तेव्हा म्हातारीने दोघांना जवळ बोलावलं. "शेतं मॅलकीला. घर डीलियाला. तिला इथून कोणी हलवायचं नाही. ऐकलंस ना, मॅलकी?" तो म्हणाला, "ऐकलं, आई." खोलीत ही तिघंच. मृत्युपत्र कसलं? मरणाचं लिहायला बसलं की मरण दाराशी येऊन बसतं, ही आमच्या गावाची अक्कल. म्हातारी चारच दिवसांत गेली. महिना उलटतो न उलटतो तोच मॅलकी कॉव्हेंट्रीहून बायको करून घेऊन आला, गावात उतरला आणि तिला टेकडीवर नेऊन घराच्या खोल्या दाखवायला लागला.

"अरे, पण घर..." डीलिया म्हणाली.

"घराचं काय?"

"आई काय म्हणाली होती?"

"आईला ताप होता. घराबद्दल ती काही बोललीच नाही. तुझ्या कानांना काहीतरी भास झाला असेल."

सख्खा भाऊ! जिने त्याचे मोजे विणून कॉव्हेंट्रीला पाठवले, तिला म्हणतो भास झाला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

फादर टिर्नींनी डीलियाला बोलावून घेतलं. "गावातल्या लोकांच्या नादी लागू नकोस. रॉसकॉमनला वकील आहे. मी चिठ्ठी देतो. आईची सेवा कोणी केली हे मी स्वतः कोर्टात सांगेन."

"भावाला कोर्टात उभं करू, फादर? पोलिसांसमोर? नको. मुक्यापुढे येऊ दे त्याला. तिथे त्याची जीभ उचलायची नाही."

"डीलिया, अगं तो दगड आहे."

"फादर, तुम्ही येऊन चार वर्षं झाली. तो आधीपासून आहे."

त्या दिवशी फादर वकिलाला चिठ्ठी न लिहिता गप्प बसले, आणि मला त्यांचाही राग येतो. शहाण्या माणसाने इतक्या लवकर गप्प बसू नये.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर अर्धं गाव कबरस्तानात जमलं. साक्षीला बार्टली मोरन, विनीचा नवरा. त्याच्या घराण्याकडे तो मान होता. मॅलकी दाढी घोटून, कॉव्हेंट्रीचा सूट चढवून आला. विनी सांगते, डीलियाला बोलवायला ती टेकडीवर गेली तर स्वयंपाकघरात टेबल मांडलेलं. दोन कप, दोन बश्या, लोणी, जॅम. विनीने विचारलं, "कोण येणार आहे?" डीलिया म्हणाली, "मॅलकी. तिथे त्याला रडू फुटेल, मग उपाशी कसा पाठवू?" तिची तेवढी खात्री होती. भाऊ मुक्यापुढे कोसळणार, खरं बोलणार, आणि ही त्याला घरी आणून चहा पाजणार.

मॅलकीने उजवी दोन बोटं मुक्याच्या तोंडात घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "घर डीलियाला, असं मी आईच्या तोंडून ऐकलेलं नाही." बोटं बाहेर काढली, रुमालाला पुसली, रुमाल घडी करून खिशात ठेवला.

बार्टली म्हणाला, "झालं. विषय पुरला."

डीलियाने त्याच आठवड्यात घर सोडलं. फादरांच्या घरी स्वयंपाकाला राहिली, त्यांच्या कोळशाच्या खोलीशेजारी तिला खाट मिळाली.

पुढचं वर्षभर गावाला दुसरा उद्योग नव्हता. प्रार्थनेच्या वेळी प्रसाद घ्यायला मॅलकीने तोंड उघडलं की मागच्या बाकांवरून माना लांब व्हायच्या. त्याने जांभई दिली तरी बातमी. एकदा वसंतात त्याचा गाल टम्म फुगला आणि गावात जणू सण आला. लोक मुद्दाम वाट वाकडी करून कनिफांच्या फाटकावरून जायला लागले. मॅलकी बॉइल गावाला जाऊन दाढ काढून आला. गाल उतरला आणि गडी पहिल्यापेक्षा देखणा दिसायला लागला. त्याच्या गाईला जुळी झाली. बायकोला मुलगा झाला. मेल्याची पाचही बोटं तुपात.

आणि डीलिया? ती मॅलकीचं तोंड बघता बघता स्वतःच्या कानांकडे बघायला लागली. मुका चुकत नाही, हे तर तिला पक्कं ठाऊक. मॅलकीचं तोंड सरळच्या सरळ. मग खोटं कोण? हिशेब साधा होता आणि बिचारीने तो सरळ मनाने मांडला. आई तसं बोललीच नसणार. मलाच ते ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं. घराच्या हव्यासापायी मी मेलेल्या आईच्या तोंडी शब्द घातले आणि जिवंत भावावर आळ घेतला.

वर्ष भरलं. तिने स्पंज केक केला, टेकडीवर गेली आणि आपल्याच आईच्या दारात, फाटकापाशी लोक उभे असताना म्हणाली, "मॅलकी, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. मला माफ कर."

मॅलकी म्हणाला, "केलं माफ. आत ये. चहा घे."

तिने घेतला. आईच्या कपातून, पाहुणीसारखा.

ल्यूक वर्षभर थांबला होता. नंतर तो बोस्टनला गेला. त्याला मी दोष देत नाही, पण त्याचं कौतुकही करणार नाही.

मी गावात आले तेव्हा हे सगळं जुनं झालं होतं. डीलियाला कबरस्तानासमोर सरकारी कॉटेज भाड्याने मिळालं होतं. मुका तिच्या खिडकीतून दिसायचा. जाता-येता ती त्याला बघून क्रूसाची खूण करायची. माझी तिच्याशी गट्टी जमली ती तिच्या एका खोडीपायी. काहीही सांगितलं की ती विचारायची, "काय म्हणालीस? परत सांग." मी म्हणायचे, "अगं बहिरी झालीस का?" ती म्हणायची, "नाही गं. पण माझ्या कानांचा भरवसा नाही." मला वाटायचं थट्टा आहे. मी पण चिडवायचे. दुकानात ती सामान मागायची आणि दुकानदाराने आकडा सांगितला की पुन्हा विचारायची, तेव्हा पोरं मागून नक्कल करायची. ती हसून सोडून द्यायची.

मॅलकीच्या बायकोला कॅन्सर झाला तेव्हा तिला शेवटपर्यंत डीलियाने बघितलं. मॅलकीच्या मुलाला, रोननला, लहानपणी तापात मांडीवर घेऊन तीच बसायची. रोनन पुढे ऑस्ट्रेलियात पर्थला गेला, घर-जमीन बापाने त्याच्या नावावर करून दिली. मॅलकी म्हातारा झाला, हृदय थकलं, पाय सुजले. सरकारी मदतनीस म्हणून मी रोज त्याच्याकडे जायला लागले आणि डीलियाही यायची, पैसे न घेता. त्या दोघांचं वय ऐंशीच्या पुढे. ती त्याचे पाय चोळायची आणि तो म्हणायचा, "हळू, बये, कणीक नाही ती."

त्या दुपारी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. कुठल्याशा खटल्यात कोणीतरी खोटी साक्ष दिल्याचं जज्जाने पकडलं होतं. मी खिडकीपाशी चादर बदलत होते. मॅलकी उशीला टेकून ऐकत होता. एकदम हसला.

"डीलिया, त्या वर्षी माझी कशी पाचावर धारण बसली होती!"

"काय म्हणालास? परत सांग."

"आई गेली त्या वर्षी गं. टिर्नी तुला वकिलाकडे पाठवणार असं कानावर आलं आणि माझी झोप उडाली. जज्जासमोर मला खोटं बोलता आलं नसतं. मी ठरवूनच टाकलं होतं, वकिलाची चिठ्ठी आली की घर तुझं म्हणून मोकळं व्हायचं." त्याला दम लागला. पाणी प्याला. "आणि तू काय मागितलंस, तर मुका! कॉव्हेंट्रीत मी पडकी चर्च साफ करायच्या कामावर होतो. युद्धात बॉम्बने पडलेली. संतांची मुंडकी आम्ही ट्रकमधून खाली टाकायचो, अशी, कोबीसारखी. मी काय मुक्याला भिणार?"

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. डीलियाने त्याचा पाय मांडीवरून खाली ठेवला नाही. हळूच विचारलं, "म्हणजे आई तसं बोलली होती?"

"बोलली होती म्हणजे? तू तिथेच उभी नव्हतीस का?"

तो खरोखर आश्चर्याने विचारत होता! ही बाई आयुष्यभर काय समजून जगली, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला वाटत होतं की तिला सगळं ठाऊक आहे आणि तिने सोडून दिलं आहे.

"आणि मी माफी मागायला आले तेव्हा?"

"आता तू एवढा केक करून आणलास. फाटकापाशी लोक उभे. मी काय बोलणार होतो?"

डीलियाने दुसरा पाय घेतला. तोही चोळला. मग तेलाची बाटली बंद केली, हात धुतले आणि कोट घालून बाहेर पडली. मी मागोमाग धावले.

"माझ्या नवऱ्याकडे घण आहे," मी म्हणाले. "चल, त्या मुंडक्याच्या ठिकऱ्या करू."

"मुक्याच्या? त्याने कुठे काय कबूल केलं होतं? कबूल मॅलकीने केलं होतं, आईपाशी." ती चालत राहिली. कबरस्तानाच्या फाटकापाशी आल्यावर क्रूसाची खूण करायला तिचा हात सवयीने वर गेला आणि तिने तो कोटाच्या खिशात घातला. मग म्हणाली, "युना, मी कान तपासून घेतले होते. गॅल्वेला, बसने गेले होते कोणाला न सांगता. डॉक्टर म्हणाला, कान उत्तम आहेत. मग मी समजले की खोट कानांत नाही, माझ्यात आहे."

मला रडू आलं. तिला नाही आलं. मी त्या खोडीवरून तिला किती चिडवलं होतं, आणि ती हसायची.

मॅलकी पुढच्याच आठवड्यात गेला. डीलिया तोवर रोज येत राहिली. मी म्हटलं, "कशाला जातेस?" तर म्हणाली, "पाय सुजलेत ना."

रोनन पर्थहून आला. रिवाजाप्रमाणे मॅलकीला पुढच्या खोलीत ठेवलं, निळ्या सुटात, हातात जपमाळ. संध्याकाळी स्वयंपाकघर माणसांनी भरलं. हॅमचे सँडविच, चहा, पुरुषांना व्हिस्की. डीलिया ॲप्रन बांधून किटली घेऊन फिरत होती. मयताच्या घरी जे बोलायचं ते चाललं होतं. मॅलकी कसा कष्टाळू, कसा देवभोळा, त्याच्या गाई कशा.

बार्टली मोरन आता काठी टेकत चालतो, पण आवाज तोच. त्याने ग्लास वर केला. "एक सांगतो. हा माणूस मुक्यापुढे उभा राहिला होता. मी साक्षीला होतो. आणि जाऊन बघा आत, शेवटपर्यंत तोंड सरळ!"

"सत्याला कोण हात लावणार?" कोणीतरी म्हणालं. माना डोलल्या. दोन-तीन नजरा डीलियाकडे वळल्या, दयेच्या. झालं गेलं विसरून भावाची सेवा केली हो बिचारीने, अशा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तोच डीलियाने माझा दंड धरला. "तू थांब. तू बोललीस तर पलीकडचीने मयताच्या घरी भांडण लावलं म्हणतील." तिने किटली खाली ठेवली, ॲप्रन सोडलं आणि पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, आतही ऐकू जावं आणि बाहेरही.

"बार्टली, शपथ मागणाऱ्याने त्या विषयावर बोलायचं नाही. बरोबर?"

"बरोबर," बार्टली म्हणाला.

"मी कधी बोलले?"

"कधीच नाही. तुझ्यासारखा शब्द पाळणारा माणूस मी बघितला नाही, डीलिया."

"आजही बोलत नाही. पण या घराच्या दारात मी एकदा माफी मागितली होती. ती माफी शपथेतली नाही. ती माझी होती. ती मी परत घेते आहे."

ड्रिनॉनमध्ये असा एकही माणूस नव्हता ज्याला याचा अर्थ कळला नाही. विनी मोरन तर टेबलाकडे बघत होती, मान वर न करता.

रोनन उठला. लाल झाला होता. "आत्या, अगं निदान आज तरी नको."

"आजच, बाळा. उद्या तो मातीत जाईल. मग मी ती कोणाकडून परत घेऊ?"

तिने खुंटीवरचा कोट काढला, बटणं लावली. मी माझा कोट शोधायला लागले. तेवढ्यात विनी घाईघाईने म्हणाली, "चहा कोणाला हवाय?" आणि सगळ्यांनी एकदम कप पुढे केले.